पोटातली धास्ती

"आतड्यात गाठ नाही, जखम नाही. तुम्हाला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आहे, आणि सोबत अँक्झायटी," खामगावच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. म्हणजे आतडं हुळहुळं झालेलं आणि मन सतत धास्तावलेलं.

मला राग आला. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, ईसीजी, सगळं नॉर्मल. मग मी काय नाटक करतोय? शहाना, माझी बायको, शेजारीच बसली होती. ती घरच्या बोलीत म्हणाली, "नाम तो मिला ना. अब इलाज होगा."

वडनेर भोलजीत माझं बी-बियाणं आणि पिकांवरच्या औषधांचं दुकान आहे. बीटी कपाशी नवी होती तेव्हा मी गिऱ्हाइकांना समजावत असे, की बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव. त्याचा गुण कपाशीत घातलाय, तो बोंडअळीचं आतडं बिघडवतो. बरीच वर्षं ते खरं ठरलं. मग गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवू लागली.

त्या हंगामात लोक किडकी बोंडं आणून काउंटरवर फोडायचे. "शकीलभाई, हे काय होय?" माझ्या पोटात मुरडा यायचा, हातपाय गार पडायचे. पुढं दुकान उघडण्याआधीच संडासला तीनतीनदा जावं लागे. एसटीत बसणं बंद झालं, सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेलो नाही. मेडिकलमधून मनानंच अँटिबायोटिक आणून खात होतो.

डॉक्टरांनी आधी ते बंद केलं. म्हणाल्या, "आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आतडं आणि मेंदू एकमेकांना सतत निरोप देतात. त्यात या जिवाणूंचाही हात असावा."

मी घाबरत विचारलं, "बीटीनं तर हे झालं नसेल?"

"नाही. अळीचं आतडं वेगळं, तुमचं वेगळं."

त्यांनी चिंतेवरची गोळी दिली, समुपदेशकाकडे पाठवलं आणि पावडरीच्या पुड्या दिल्या. त्यात उष्णतेनं निष्क्रिय केलेले प्रोबायोटिक, म्हणजे मारलेले उपयोगी जिवाणू होते. मेलेले जिवाणू काय करणार, असं मी विचारलं. "त्यांच्या पेशींचे अंशही आतड्याच्या अस्तरावर काम करतात, असं दिसतंय. मनाला किती फायदा होतो ते अजून पक्कं ठरलेलं नाही. काहींना होतो. पुडीच्या भरवशावर गोळी सोडू नका."

सुरुवातीला काहीच फरक नव्हता. दिवसातून कितीदा पोटावर हात ठेवून बघायचो. शहाना म्हणायची, झाकण सारखं उघडून भात लवकर शिजत नाही. हळूहळू सकाळचा मुरडा कमी झाला. झोप मात्र तुटकच.

अशात गजाननभाऊ दुकानात आले. दरवर्षी माझ्याकडूनच बियाणं नेणारे. "वावरात चाला माह्यासंगं. बोंडं इथं आनून काय होते?"

शेतात संडास कुठला, हाच पहिला विचार. तरी गेलो. कपाशीची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, आणि फोडावं त्या बोंडात अळी. मी पोट दाबून धरलं. लपवण्यासारखं राहिलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो आणि म्हणालो, "भाऊ, तुम्ही लोक दुकानात आले की मले भेव वाटते. त्याचीच दवा चालू हाय."

मला वाटलं, हसतील. ते माझ्या शेजारी येऊन टेकले.

"माही बी छाती धडधडते. जेवन जात नाही. कवा कवा वाटते, हे सारं संपवून टाकावं," ते म्हणाले. "घरी कोनाले सांगतलं नाही."

मी त्यांना एकटं सोडलं नाही. तिथूनच त्यांच्या घरी गेलो, वहिनींना सांगितलं, आणि आम्ही तिघं एसटीनं खामगावला निघालो. महिनोन्‌महिन्यांनी मी एसटीत बसलो, हे नांदुऱ्याच्या पुढं गेल्यावर लक्षात आलं. पोट कुरकुरत होतं. उतरलो नाही.

डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आज ते बरे आहेत. औषध चालू आहे.

मला गुण पुडीनं आला, गोळीनं की बोलण्यानं, हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत, आणि त्यांचा हा खरेपणा मला आवडतो. धास्ती अधूनमधून येते. तुमचे रिपोर्ट नॉर्मल असतील आणि जीव तरी थाऱ्यावर नसेल, तर तुमचं दुखणं खोटं नाही. कुणाला तरी सांगा. ऐकणाऱ्यालाही कदाचित तेच बोलायचं असेल.