हरणाऱ्यानं पाणी आणायचं

परवा भाच्यानं आमच्या जुन्या तलवारबाजीच्या गेमची नवी आवृत्ती लावली. चित्रं देखणी आहेत, पण आपण दोन-तीनदा हरलो की समोरचा योद्धा आपोआप नरम पडतो. दादाला हे मुळीच आवडलं नसतं. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तो होता तेव्हाची गोष्ट. त्या उन्हाळ्यात दुष्काळ होता. शहराबाहेर शेंद्रा गावाच्या वाटेवर नव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर नळ कोरडा होता. टँकर यायच्या आधी आम्ही भावंडं त्या गेमचा एक डाव खेळायचो. टँकर आला की हरणाऱ्यानं खालून बादली भरून आणायची. दादा गेमचा पहिलाच भाग मानायचा. म्हणायचा, "दुसऱ्यात नुसतं उभं राहिलं तरी लाइफ भरते. मग वार चुकवायचा कशाला?"

त्या उन्हाळ्यात त्याचं हृदय कमजोर झालं होतं, चार पायऱ्यांत दम लागायचा. म्हणून त्या दुपारी मी ढाल उचललीच नाही.

त्यानं गेम थांबवला. "बारके, आजारी समजून खेळतीस व्हय?"

"नाय रे."

"मग नीट खेळ. असलं लई लागतं."

मी नीट खेळले आणि जिंकले. तो बादली घेऊन उतरला. वळणावळणावर थांबणारी त्याची चप्पल मी दारातून ऐकत राहिले. तेव्हा मला तो नियम क्रूर वाटला. आज वाटतं, घरात सगळेच त्याला जपत होते. त्याच्याशी लढणारं कुणीतरी त्याला हवं होतं.

अर्धी बादली घेऊन तो वर आला, भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाला, "उद्या तुला पाठवतो बघ खाली."