पाहुण्यांसाठी केलेले भांडण

चरवीच्या रिकाम्या तळावर दुधाची पहिली धार पडते तेव्हा एक कोवळा, खणखणीत नाद उठतो, आणि चरवी भरत जाते तसतसा तो मऊ, घुमारदार होत अखेर फेसात विरून जातो. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी हा नाद कानी आला की आजही माझे मन प्रसन्न होते. रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या म्हशी, डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध, पिणाऱ्यांच्या ओठांवर फेसाची शुभ्र मिशी, आणि त्या मिशीखालून अखंड वाहणारे राजकारण! इथे देश रोज घुसळला जातो. लोणी किती निघते, ते मात्र विचारू नका.

या घुसळणीचे दोन मानकरी. एक आमचे हे, दिनकरराव, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. दुसरे त्यांचे जिवलग स्नेही हिंदुराव, कसबा बावड्याचे ऊसवाले शेतकरी. एक या पक्षाचे, दुसरे त्या पक्षाचे. त्यामुळे भांडण नित्याचे, देवपूजेइतके नेमाचे. त्यालाही एक रीत होती: ज्याचा आवाज जास्त चढला, त्याने शेवटी दुसऱ्याच्या हाती दुधाचा पेला द्यायचा. लग्न होऊन नवी नवी आले होते तेव्हा त्यांचे ते गर्जन ऐकून माझा जीव गोळा झाला होता. म्हटले, आता डोकी फुटणार! आणि पाहते तो काय, दोघे एका पेल्यातले दूध पीत उभे. तेव्हापासून मी त्या भांडणाकडे निर्धास्तपणे पाठ फिरवून भाजी घ्यायला जाऊ लागले.

गेल्या निवडणुकीच्या आधी एका वाहिनीची मंडळी कट्ट्यावर अवतरली. तिखट आवाजाचा एक तरुण निवेदक, दोन कॅमेरे आणि डोळे दिपवणारे दिवे. त्याने येताक्षणी माणसांचे दोन तट पाडले, या पक्षाचे डावीकडे, त्या पक्षाचे उजवीकडे. दिव्यांनी म्हशी बिथरल्या. गवळीण करवादली, “अवो, ती बत्ती बंद करा की! म्हस पान्हवंना झालीया!” पण ऐकतो कोण? आणि इथेच हिंदुरावांच्या हातून ती चूक घडली, जी फक्त कोल्हापूरकराच्याच हातून घडू शकते. त्यांनी त्या मंडळींना पाहुणे मानले! ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, “मास्तर, पावणं लांबनं आल्यात. त्यास्नी अर्धंमुर्धं भांडण कसं द्यायाचं?” मग काय, पाहुण्यांना पंक्तीत आग्रहाने वाढावे तसे भांडण वाढले गेले. त्या भरात हिंदुराव गरजले, “असल्या मानसाच्या घरचं पानीबी पिऊ नये!” आमचे हे खो खो हसले. रिवाजाप्रमाणे पेला आला, प्यायला गेला, पाहुण्यांनाही पाजला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हौसेने दूरदर्शन संच लावून बसलो. पडद्यावर फक्त आरोळ्या होत्या. हिंदुरावांचे उगारलेले बोट गोठवून ठेवलेले, भोवती तांबडे वर्तुळ, पाठीमागे युद्धाचे वाटावे असे संगीत. आणि ते पाण्याचे वाक्य पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हसू गाळलेले, पेला तर केव्हाच गाळलेला. जन्मभर पोरांना रंग मिसळायला शिकवलेल्या माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याखाली एकाच रंगाची पट्टी ओढलेली! आणि मग जाहिरात लागली: दुधात घालायच्या कसल्याशा भुकटीची. खरे दूध कापून त्यांनी भुकटीला जागा केली होती, आता बोला!

जे वाक्य समोरासमोर ऐकून हे हसले होते, तेच पडद्यावर वारंवार ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. एकदा उच्चारलेली थट्टा दहा वेळा ऐकवली की ती मत होते. आणि अशा ऐकवलेल्या मतांवरच हल्ली माणसे आपली बाजू ठरवत असतील, तर देशाचे काय होत असेल? तिकडे हिंदुरावांना उचगावच्या पाहुण्यारावळ्यांचे फोन, “काय जिरवली मास्तराची!” इकडे ह्यांना पक्षवाल्यांचा निरोप, “उत्तर द्या.” दोघांच्या कट्ट्यावर येण्याच्या वेळा वेगळ्या झाल्या. हे घरात वाहिनीवरच्या चर्चेतल्या वक्त्यांसारखे बोलू लागले. आमटीत मीठ कमी आहे का म्हणून विचारले, तर म्हणतात, “मला बोलू द्या, आधी मला बोलू द्या!” अहो, बोला ना, कोण अडवतेय? पण ह्यांचे रात्रीचे जेवण दोन घासांवर आले, आणि माझा संताप संताप झाला. चाळीसएक वर्षांचे मैत्र एका जाहिरातीच्या फटीत जाऊन पडावे?

मतदान जवळ आले तशी ती मंडळी पुन्हा आली. त्यांना सामन्याची दुसरी फेरी हवी होती. दोघेही इस्त्रीचे सदरे घालून हजर, दोघांच्या माना दोन दिशांना. मी मुद्दाम ह्यांच्या मागेच उभी राहिले. निवेदकाने हिंदुरावांपुढे ध्वनिक्षेपक धरला आणि विचारले, “हे तुमचे कट्टर शत्रू. आज यांना काय सुनावणार?”

हिंदुरावांनी ह्यांच्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, “शत्रू? अवो पावणं, ह्यो न्हाय आला तर मी भांडू कुनासंगं? ह्यो वाळलाय बघा किती!”

कोल्हापुरात मायाही शिवीतूनच बाहेर पडते! “मग इतकं दिस कुठं मेलतास रं?” हे ओरडले, आणि मी पदर डोळ्यांना लावून भर रस्त्यात हसत सुटले.

निवेदक विनवू लागला, “काका, थोडं रागानं, पुन्हा एकदा.” त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती? तुंबलेल्या दिवसांचे सगळे भांडण दोघांना एकदम आठवले होते. रस्ते, वीज, पाणी, दिल्ली, मुंबई, काही सुटले नाही. दिवे विझले, कॅमेरे पेटीत गेले, म्हशी आपल्या वाटेने घरी चालू लागल्या, तरी यांचे संपेना. तो भाग त्या वाहिनीने कधी दाखवलाच नाही. कसा दाखवणार? त्यात कुणी हरलेच नव्हते.

घरी परतताना स्कूटरवर मी मागे बसले होते. हे सबंध वाटभर हिंदुरावांना शिव्या घालत होते, मूर्ख, अडाणी, आंधळा भक्त, काय वाटेल ते. घरात पाऊल टाकताच म्हणाले, “भूक लागलीया. दोन भाकरी जास्त टाक.”