ऑफिसातली काळी पाटी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नागापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. तिथला एक जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता, कारण नवीन विंडोज त्याला पेलवत नव्हतं. पुण्याहून आणलेल्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळाली होती. ती मी त्याच्यावर चढवली आणि तो चालू लागला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. ऑफिसातल्यांनी त्याचं नाव ‘पाटी’ ठेवलं. ‘काय साहेब, आज पाढे कुठवर आले?’ हे रोज एकदा तरी व्हायचंच.

माझं डोकं फिरायचं. काही अडलं तर विचारायला अख्ख्या नगरात माणूस नव्हता. असेल तर मला भेटला नाही. दोन-दोन दिवस एकाच चुकीशी झटायचं, आणि ती सुटली की सांगायचं कुणाला? केडगावच्या खोलीवर मी एकटा, आणि दुपारचा डबाही गेटबाहेरच्या टपरीवर एकट्यानंच खायचो. रागावलेल्या माणसाला एकटं राहणं सोपं जातं, पण ते आवडतं असं नाही.

मालक मात्र रास्त बोलले. ‘तुम्ही उद्या आजारी पडलात तर ही पाटी कोण चालवणार? महिन्याभरात दुसरा एक माणूस तयार करा. नाही जमलं तर पुसून टाका.’

मी सगळ्यांची नावं त्यात घातली, माझंही घातलं. प्रत्येकाला चिठ्ठी दिली : आपलं नाव, पासवर्ड, कसं शिरायचं, यादी कशी करायची, एकमेकांच्या नावानं पत्र कसं टाकायचं. दोन चिठ्ठ्यांत त्याच दिवशी तंबाखू बांधली गेली. स्टोअरमधल्या काकांनी तेवढी नीट घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. ते निवृत्तीला आले होते, त्यामुळे त्यांच्याकडून मी काहीच अपेक्षा धरली नव्हती.

त्या यंत्रणेत सगळ्या नावांच्या वर एक ‘रूट’ असतो, म्हणजे यंत्राचा मालक. त्याला कुठंच आडकाठी नसते. मी कायम रूट म्हणूनच बसायचो. कारखान्यात आपल्याला कुणी विचारत नाही, निदान इथं तरी मालकी असू दे, असा माझा तोरा.

काका अधूनमधून दाराशी यायचे, माझ्या तोंडाकडे बघत थोडं थांबायचे आणि जायचे. हेही मजाच बघायला येतात, असं मला वाटे. मी मान वर करत नसे. त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, नारळ, पेढे झाले. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या. काका मिरजगावला, आपल्या गावी गेले.

महिना संपला. मालकांनी विचारलं, मी ‘कुणी नाही’ म्हणालो. पुसण्याआधी माझं काही राहिलंय का बघावं म्हणून पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं आत शिरलो. पडद्यावर ओळ आली, रूट म्हणून बसणाऱ्याला कधीच न दिसणारी : तुमच्यासाठी पत्र आहे. चार होती. काकांची, इंग्रजी अक्षरांत मराठी, सगळी दुपारच्या सुट्टीतली.

‘साहेब नमस्कार. जमलं का बघा.’

‘काल पत्र टाकलं हुतं. मिळालं का? कुनाला सांगू नका, हसतील.’

‘बेरिंगची सगळी यादी केली. आता येतंय मला. मालकांना सांगायचं तर सांगा.’

चौथं निरोपाच्या दिवशीचं होतं. ‘उत्तर न्हाई आलं. तुमी कामात असाल. मिरजगावला आलात तर घरी या.’

यादी बघितली. एकही चूक नव्हती. महिनाभर मी ज्या एका माणसाची वाट बघत होतो, तो माझ्याच खुर्चीत बसून जात होता, आणि मी बाहेर टपरीवर एकटा जेवत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी उत्तर लिहिलं, ‘काका, मिळालं.’ ते लगेच पोचलं, त्याच यंत्रात, काकांच्या नावावर. मग सीडी घातली आणि सगळं पुसलं.

मिरजगाव काही लांब नाही. एसटीनं सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. मी गेलो नाही.