मे महिन्यातली शाल

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाला देवाच्या खालोखाल कूलर. एप्रिल लागला की वाळ्याच्या नव्या ताट्या येतात, आणि टाकीत पाणी भरायची पाळी कोणाची यावरून घरोघरी महाभारत सुरू होतं. हुडकेश्वरच्या एका घरात मात्र भांडण उलटं होतं. तिथे भारती चालू कूलर बंद करायची. बाहेर डांबर पाघळत असताना ही बाई खांद्यावर शाल घेऊन भाजी निवडत बसे.

"हिले शिमल्याले नेलं तर बर्फ होऊन जाईल," तिचा नवरा मुकुंद म्हणे. शेजारणी तर कौतुकच करत, भारतीसारखं सोसता आलं पाहिजे म्हणून. सोसते कसली! तिला ऊन लागतच नव्हतं. पण फुकटचं कौतुक कोण परत करतं?

भारती उमरेडच्या कोष्ट्यांची लेक. वडिलांनी, नानाजींनी, रंगवलेल्या सुताच्या लडी अंगणात वाळत घालताना ती वाऱ्यासारखी पळायची म्हणे. आता मात्र तिचे दिवस अर्ध्या झोपेत जात. कुकरची शिट्टी तिला लांबच्या गावाहून आल्यासारखी ऐकू येई. बसल्या जागी डोळा लागे, आणि तेच स्वप्न पडे. गुडघाभर थंड पाण्यातून ती चालते आहे, पलीकडे तान्हं बाळ रडतं आहे, पाय उचलत नाहीत. काठाला पोचावं तो रडणं थांबलेलं, आणि तिथे कोणी नाही. जाग आली की ती आधी पोलकं चाचपून बघे. ते कोरडं असे.

वीसेक वर्षांपूर्वी नूपुर झाली, तेव्हा भारतीचं इतकं रक्त गेलं की दायांनी आशा सोडली होती. जीव वाचला, पण अंगाला दूध आलं नाही. अळिवाची खीर झाली, बाळंतशेपा झाल्या, डिंकाचे लाडू झाले. शेवटी मोठ्या जावेने, प्रेमिलाने, आपल्या लेकराबरोबर नूपुरलाही पाजलं. तेव्हा सासू चंद्रकलाबाई भरल्या घरात बोलून गेल्या, "जिच्या मनात माया नाही, तिच्या अंगाले दूध कुठून येईल?"

बोलणाऱ्या बोलून विसरल्या असतील. भारतीने ते खरं मानलं. नूपुरची वेणी घालताना, डबा भरताना, तिच्या तापात उशाशी बसताना ती आपल्याच मनात डोकावून बघे, की माया आहे का इथे, की हे नुसतं कर्तव्य?

नूपुर मेडिकलला गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भारतीला साधा ताप आला आणि ती हाक मारली तरी डोळे उघडेना. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, मे महिन्यातली शाल पाहिली आणि विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. भारती शुद्धीवर आल्यावर नूपुर खाटेवर बसली आणि तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. कॉलेजातली शिकवायची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिनेच काढलेला. गुलाबी ठिपके, जांभळे ठिपके, काही फिके, आणि मधून केसाएवढ्या रक्ताच्या वाटा. नानाजींच्या अंगणात लडी वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

"ही पीयूषिका ग्रंथी आहे आई. मेंदूच्या खाली असते, वाटाण्याएवढी. या गुलाबी पेशी दिसून राहिल्या ना, यातल्याच काही दुधाचं हार्मोन बनवतात. बाळ पोटात असलं की त्या वाढतात, त्यायले रक्त जास्त लागते. अन् तेव्हाच तुझं रक्त गेलं."

"मंग?"

"मंग त्या मेल्या. आजूबाजूच्याही मेल्या. थायरॉइडले काम सांगणाऱ्या, अंगात ताकद ठेवणाऱ्या. म्हणून तुले थंडी वाजते, म्हणून झोप येते."

भारतीने फोटोवरून बोट फिरवलं. "म्हणजे त्यायले रक्तच भेटलं नाही?"

"नाही भेटलं. तुझा काहीच दोष नव्हता आई."

भारती रडली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. दारात डबा घेऊन चंद्रकलाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, डबा ठेवला आणि निघून गेल्या.

घरी आल्यावर गोळ्यांचा नेम लागला. आधी अंगात ताकद ठेवणारी एक, मग काही दिवसांनी थायरॉइडची दुसरी, हा क्रम चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. स्वप्न पडतच होतं, पण पाणी आता घोट्याशी आलं होतं, आणि थोडं कोमट.

एका दुपारी भारती दचकून जागी झाली. सवयीने हात पोलक्याकडे गेला. पोलकं ओलं होतं.

क्षणभर तिला वाटलं, बाळ कुठे आहे? मग मानेवरून एक थेंब ओघळला आणि तिला कळलं की हा घाम आहे. खोलीत मुकुंद, नूपुर, चंद्रकलाबाई, सगळे तिच्यासाठी कूलर बंद ठेवून घामाघूम बसले होते.

"कूलर काहून बंद आहे वं? मले गरमी होऊन राहिली."

उठल्या त्या चंद्रकलाबाई. दुखऱ्या गुडघ्यांनी बादली ओढत त्यांनी टाकी भरली, बटण दाबलं आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "माझं चुकलं वं भारती. मी तसं बोलायले नव्हतं पाहिजे."

"मले माया होती, आत्याबाई."

"होती. मले दिसत होती."

वाळ्याचा गार वास खोलीभर पसरला. भारतीने शाल काढून बाजूला टाकली आणि एवढ्या मोठ्या नूपुरला ओढून छातीशी धरलं. पोलकं ओलंचिंब होतं. तिने ते बदललं नाही.