अर्थ लागला काय?

डायनॅमोतून निघालेली वीज तारेने पुढे जाते आणि गाडीच्या पत्र्यातून परत येते. त्या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. शाळेत मास्तरांनी कवितेचा अर्थ विचारला की मी मान खाली घालायचो, पण माझ्या मिस्त्री उस्तादांचा हा अर्थ मला चांगला कळायचा. कळत नसता तर आज निदान स्वतःला माफ करता आलं असतं.

साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे मी घाटंजीत एका शेटजींचा ट्रक चालवायचो. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेला, आता कापसाच्या गाठी वाहणारा. त्याचे मिस्त्री म्हणजे उस्ताद. जिनिंगच्या भिंतीला लागून निंबाखाली त्यांचं बस्तान होतं, आणि मला जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पिवळी तार आणि हिरवी तार त्यांना सारखीच. कोणी हटकलं तर म्हणायचे, “मले नाही दिसत, पण माह्या बोटायले दिसते.”

शेटजींना ते पटत नव्हतं. माझ्यासमोरच त्यांनी सांगून टाकलं, “ह्या खेपेले डायनॅमो नीट लागला त ठीक. नाही त गाडी यवतमाळच्या मिस्त्रीकडे जाईन, कायमची.” उस्ताद नुसते हसले. गाडी गेली की निंबाखालचं बस्तान उठलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दसऱ्याच्या पूजेसाठी मी ट्रक रंगवला होता. आतून, बाहेरून, अगदी इंजिनामागचा पत्रासुद्धा. हिरवागार, दोन हात मारलेले. त्या रंगाचा मला भलताच तोरा. तोवर उस्तादांनी डायनॅमो घरी नेऊन त्यात नवे ब्रश घातले होते. तो जागेवर बसवला आणि मग कटआउटला जोडायची वेळ आली. कटआउट म्हणजे इंजिनामागच्या त्याच पत्र्यावर बसणारी काळी डबी. ती डायनॅमोला आवरते आणि बॅटरीला हवी तेवढीच वीज देते. तारा उस्तादांनी चाचपून, लहान कोणती नि मोठी कोणती ते जाडीवरून ओळखून जोडल्या. डबी पत्र्यावर कसायचं काम तेवढं माझं होतं.

त्या डबीचा अर्थ तिच्या बुडातून लागतो. बुडाखाली रंग राहिला तर सगळं फुकट. आधी पत्रा खरवड, चमक दिसू दे, मग स्क्रू आवळ, हे उस्तादांनी शंभरदा सांगितलेलं. मी पटाशी हातात घेतली, ताज्या रंगाकडे पाहिलं आणि माझ्याच्याने ओरखडा काढवेना. म्हटलं, घट्ट आवळतो, होईल काम.

“अर्थ लागला काय बे?” त्यांनी विचारलं.

“लागला, उस्ताद.”

एरवी त्यांनी स्वतः बोट फिरवून पाहिलं असतं. त्या दिवशी माझ्या शब्दावर उठले.

इंजिन सुरू केलं. चार्जिंगचा काटा जागचा हलेना. शेटजी मागे हात बांधून उभे. उस्तादांनी मला रेस द्यायला लावली, मग इंजिन बंद करवलं, तारा सोडल्या, पुन्हा लावल्या. लहान तार, मोठी तार, परत लहान. तारा बरोबरच होत्या, पण आता त्यांचा स्वतःच्या बोटांवर भरवसा उरला नव्हता. रंग आडवा आलाय हे मला समजलं होतं. शेटजी जरा बाजूला झाले की सांगतो, असं म्हणत मी रेस देत राहिलो. शेटजी हलले नाहीत. डबीला अर्थ नसल्याने डायनॅमोला आवरणारं काही नव्हतं; शेवटी त्यातूनच जळका वास आला.

“झालं,” शेटजी म्हणाले आणि निघून गेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

यवतमाळच्या मिस्त्रीने दुसरा डायनॅमो बसवला, डबी काढली, खालचा रंग खरवडला आणि परत कसली. काटा टुणकन वर. “रंगावर डबी कोन्या शहाण्यानं ठेवली?” तो हसला. मीही दात काढले.

परतताना सारा रस्ता मी मनात वाक्य जुळवत आलो. उस्ताद घरी बाजेवर बसले होते. पान्हे पोत्यात भरून तोंड सुतळीने बांधलेलं.

“चाल्ली गाडी?”

“चाल्ली.”

“खरं सांग. कोनती तार उलटी लावली होती म्या?”

खरं सांगितलं तर ते काठी टेकत शेटजींकडे जातील आणि माझ्या हातचं स्टिअरिंग जाईल, एवढंच डोक्यात आलं. माझा नीचपणा एवढा होता, त्याहून थोडाही कमी नाही.

“लहान,” मी म्हणालो.

ते बराच वेळ अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरवत बसले. “मले बी तेच वाटलं होतं,” म्हणाले. मग पोतं पायाने माझ्याकडे सरकवलं.

“ने तू. तुले दिसते.”