कॅमेरा बंद, म्हणून गैरहजर

आमच्या पास्टरांची वाचा गेली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

अर्धापूर रोडला, शहर संपून केळीचे मळे सुरू होतात त्याच्या थोडं अलीकडे आमच्या मंडळीचा पत्र्याचा हॉल आहे. रविवारी पन्नास-साठ माणसं जमतात. बांधकामावरचे मिस्त्री, धुणीभांडी करणाऱ्या बाया, दोन रिक्षावाले, एक तलाठी ऑफिसातला शिपाई. मी नांदेडात मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला असतो आणि रविवारी ढोलक वाजवायचो. पास्टर सातवी शिकलेले. पण प्रार्थनेला उभे राहिले, अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्मा बोलवतो त्या अनोळखी बोलीत बोलायला लागले, की अंगावर काटा यायचा. त्या रविवारी ते संदेश, म्हणजे प्रवचन, देता देता मधेच थांबले आणि तोंडातून भलतेच आवाज यायला लागले. आम्हाला वाटलं, आत्म्यानं भरले. हालेलूया, हालेलूया सुरू झालं. मी ढोलकाची लय वाढवली. त्यांचा उजवा हात टेबलावरून घसरला आणि ओठ एका बाजूला ओढले गेले, तरी आम्ही वाजवतच होतो. त्यांच्या बायकोनं पुढं धावत येऊन किंचाळून सांगितलं, "अरे, थांबवा ना! त्येंला कायतरी होऊन राहिलंय!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. पास्टर जगले, पण त्यानंतर त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा, "हाव," म्हणजे हो. भूक लागली तरी हाव, दुखलं तरी हाव.

मंडळी चालवायला कुणीतरी हवं होतं. वडीलधाऱ्यांनी मला विचारलं. आमची मंडळी ज्या संघात आहे त्यांचा नियम होता, की नवा पाळक, म्हणजे पास्टर, ईश्वरविद्या शिकलेला हवा. कॉलेजात जाऊन राहणं मला जमणार नव्हतं. दुकान होतं, दोन मुली होत्या. मग संघातल्या कुणीतरी ऑनलाइन कोर्स सांगितला. दोन वर्षं, आठवड्यात चार दिवस, सकाळी सहा ते साडेसात, मोबाईलवर. वर्गात तेवीस जण. मराठवाड्यातले बरेच, थोडे विदर्भातले. शिकवणारे सर पुण्याकडचे, निवृत्त पाळक, बोलणं अगदी छापील. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "हजेरी ठेवण्याची जबाबदारी आपल्यापैकी कुणी घ्याल का?" कुणी बोलेना, म्हणून मी हो म्हणालो. दुकानात मालाची नोंद मीच ठेवायचो. रकाने आखणं मला चांगलं येत होतं.

नियम साधा होता. कॅमेरा चालू असेल तो हजर, बंद असेल तो गैरहजर. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर नाव कमी.

पहिल्या वर्षी सरांनी नियम फार ताणला नाही. त्यामुळे शिरूर अनंतपाळकडच्या एक बाई कॅमेरा न लावता बसल्या तरी चालून गेलं. काळ्या चौकोनात फक्त त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर दिसायचं. आवाजावरून चाळिशीच्या वाटायच्या. एरवी गप्प, पण सरांनी प्रश्न विचारला आणि कुणालाच उत्तर आलं नाही, की त्या चौकोनातून आवाज यायचा, "सर, मी सांगू का?" मागं कायम भांड्यांचा आवाज असायचा.

एकदा सर बायबलच्या जुन्या करारातल्या त्या दासीबद्दल शिकवत होते, जिला तिच्या पोरासकट घराबाहेर काढलं आणि वाळवंटात पाणी संपल्यावर जिनं पोराला झुडपाखाली ठेवून दिलं. सरांनी विचारलं, या उताऱ्यात देवानं काय केलं? कुणी म्हणालं चमत्कार केला, कुणी म्हणालं पाणी दिलं. मी म्हणालो, विहीर निर्माण केली. मग त्या बाई बोलल्या.

"न्हाई सर. विहीर तिथंच व्हती. रडून रडून तिला दिसत नव्हती. देवानं नवं कायबी केलं न्हाई, तिचे डोळे उघडले फकस्त. आपून शिकून राहिलो ते तेवढ्यासाठीच. लोकाला पाणी द्यायला आपल्यापाशी कुठं हाय? हाय ती विहीर दावायची."

सरांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "हे मी लिहून घेतो."

मीही लिहून घेतलं.

दुसऱ्या वर्षी कोर्सच्या ऑफिसचं पत्र आलं. हजेरीबाबत तक्रारी आहेत, नियम काटेकोर पाळावा. मी ग्रुपवर सगळ्यांना कळवलं. त्या बाईंचा मला वेगळा मेसेज आला, "ब्रदर, मला कॅमेरा लावता येत न्हाई. कारन सांगता येत न्हाई. पन मी रोज असते." मी उत्तर दिलं, "सिस्टर, नियम सगळ्यांना सारखा आहे."

हे वाक्य मी दुकानातसुद्धा गिऱ्हाइकांना म्हणायचो, माल परत घेत नसलो की.

त्याच वर्गात लातूरचे एक ब्रदर होते. त्यांचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून चालू. फोन कुठंतरी टेबलावर उताणा ठेवलेला, त्यामुळे आम्हाला छताचा पंखा दिसायचा. कधी कधी त्यांच्या घोरण्याचा आवाज यायचा, मग सर माइक बंद करायचे. मी रोज त्यांच्या नावापुढं हजर लिहायचो आणि बाईंच्या नावापुढं गैरहजर. त्या बोलत असताना, त्यांचा आवाज माझ्या कानात असताना मी गैरहजर लिहिलंय. सरांनी एकदा विचारलं होतं, "यांच्याबाबत काही करता येईल का?" मी म्हणालो, "सर, एकाला सूट दिली की बाकीचे मागतील." सर मऊ माणूस होते. मी अडून बसलो तसे ते गप्प झाले. खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा राग यायचा. मी पहाटे उठून पाठ करून यायचो आणि उत्तर त्यांना यायचं.

दिवाळीनंतर यादीतून त्यांचं नाव गेलं. त्यांनी मला शेवटचा मेसेज केला, "ऐकू तरी द्या, सर्टिफिकेट नको." लिंक पाठवणं माझ्या हातात होतं. मी मेसेज वाचला आणि ठेवून दिला.

शेवटची परीक्षा लातूरला होती. एका हॉलमध्ये, तीन परीक्षकांपुढं, वीस मिनिटांचा संदेश द्यायचा. मी त्या दासीवर बोललो. विहीर तिथंच होती, असं म्हणालो. लोकांना पाणी द्यायला आपल्यापाशी काही नाही, असंही म्हणालो. फक्त भाषा नीट केली. एका परीक्षकांचे डोळे भरून आले. माझा पहिला नंबर आला. लातूरच्या पंखेवाल्या ब्रदरांनी मला मिठी मारली आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं हो?"

"सुचलं," मी म्हणालो.

मुक्काम तिथंच, तिथल्या मंडळीतल्या एका कुटुंबाकडं होता. सकाळी नांदेडची गाडी धरायला स्टँडवर आलो आणि समोर उदगीरची गाडी लागली होती. मी तिच्यात चढलो. नळेगावला उतरून पुढं शिरूर अनंतपाळला जीपनं गेलो. पत्ता माझ्याकडं होता, हजेरीच्या यादीतच होता. एका वसतिगृहाचा पत्ता निघाला. फाटकावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "सैपाकवाल्या मावशी का? मागं जावा."

मागं मोठी शेड होती. दोन चुली, एक गॅसची शेगडी, परातीत मळलेली कणीक. बाई पोळ्या लाटत होत्या. बुटक्या, सावळ्या, कपाळाला काही नाही. मी "सिस्टर" अशी हाक मारली आणि नाव सांगायच्या आत त्यांनी मान वर केली.

"हजेरीवाले ब्रदर ना तुमी? आवाज वळखला."

त्यांनी मला पाटावर बसवलं, चहा टाकला. मग त्यांनीच सांगितलं. सकाळी सहाला शंभर पोरांचा नाष्टा त्या एकट्या करायच्या. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, कानात वायर, वरून पदर. कामाच्या जागी फोन चालत नव्हता आणि वसतिगृहाच्या साहेबांनी एकदा बजावलं होतं, तुमचा धर्म घरी ठेवा. कॅमेरा लावला असता तर मागं शेड दिसली असती, पोरं दिसली असती. "कुनी फोटू काढून पाठवला असता तर नौकरी गेली असती. नवरा वारलेला, हितंच ऱ्हाते मी," त्या म्हणाल्या.

"मग मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"ग्रुपात तेवीस जन. कुनाकुनाला सांगू?"

"मला एकट्याला."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. "तुमी रागावल्यासारखं बोलत व्हता, भाऊ."

मग मी परीक्षेचं सांगितलं. तुमचंच बोललो, तुमचं नाव न घेता बोललो, नंबर आला. हे सांगायलाच मी आलो होतो, हे मलाही तेव्हाच कळलं. वाटलं होतं, त्या चिडतील किंवा माफ करतील. त्या आठवायला लागल्या.

"विहिरीचं? मी म्हनले व्हते असं? ध्यानात न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय पन."

चहा गार झाला.

उठताना मी विचारलं, माझ्याकडून काही होईल का. त्यांनी हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, की त्यांच्या खोलीत दर शुक्रवारी सात-आठ बाया प्रार्थनेला यायच्या, वर्गात शिकलेलं त्या या बायांना सांगायच्या. दोन महिन्यांपासून लातूरचे एक ब्रदर इथं येऊन मंडळी उभी करून राहिलेत. त्यांनी बायांना सांगितलं, की या बाईला कोर्समधून काढून टाकलंय, हिचं ऐकू नका, शिकवण चुकीची असंल. "तुमी एकदा येऊन तेवढं सांगा, की मी चुकीचं शिकवत नव्हते. बायाला वाटतं मी फसवलं."

ब्रदर कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्यांच्या नावापुढचे सगळे हजर मीच लिहिले होते.

मी येतो म्हणालो. पण नांदेडला गेल्यावर माझ्या पाळक म्हणून दीक्षेची गडबड सुरू झाली. हॉल रंगवला, संघाचे लोक आले. पास्टरांना खुर्चीवर आणलं, त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "हाव." मंडळी रडली. मीही रडलो. शिरूरला जायला मला तीन महिने लागले.

त्या शुक्रवारी बाईंच्या खोलीत दोनच बाया आल्या होत्या. मी सांगितलं, या सिस्टर आमच्या वर्गात सगळ्यांत हुशार होत्या, यांनी शिकवलं ते खरं आहे, नाव कमी झालं त्यात माझी चूक आहे. दोघी नीट ऐकत होत्या. मग त्यातली म्हातारी म्हणाली, "बाबा, तुमी म्हंताय ते खरं असंल. पन कागद हाय का हिच्यापाशी?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या भिंतीजवळची सतरंजी नीट करत राहिल्या.

नांदेडला येऊन मी कोर्सच्या ऑफिसला लांब मेल लिहिला. सगळं लिहिलं, पंख्याचंही. आठ दिवसांनी उत्तर आलं. उमेदवार नव्या तुकडीत पहिल्यापासून प्रवेश घेऊ शकतात, कॅमेरा चालू ठेवणे बंधनकारक. पंख्याबद्दल काही नव्हतं. सरांना फोन केला. ते हळू आवाजात म्हणाले, "मी त्याच वेळी आग्रह धरायला हवा होता."

मी आमच्या वडीलधाऱ्यांना म्हणालो, त्यांना एका रविवारी आपल्याकडं संदेशाला बोलवू. एक जण म्हणाला, "साक्ष द्यायला बोलवा, स्वतःचा अनुभव सांगायला. संदेशाला नको. संघ विचारील." मी बरं म्हणालो. त्यावर आणखी बोलता आलं असतं. बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, रविवारी पोरांना गोड असतं, सुट्टी मिळत नाही.

परवा फोन केला होता. आता त्या त्याच ब्रदरांच्या हॉलात जातात. बाया तिकडं गेल्या, म्हणून त्याही गेल्या.

"कसं बोलतात ते?" मी विचारलं.

"बोलतेत. चांगलं बोलतेत."

"तुम्हाला बोलायला देतात का कधी?"

"मला कोन विचारतंय, भाऊ. मी लवकर जाऊन झाडून घेते."

मी म्हणालो, मी आठवड्यातून एकदा फोनवर शिकवतो, तुम्ही आणि मी, कॅमेऱ्याचं काही नाही. त्या हसल्या, आणि ते हसणं थकलेलं होतं. म्हणाल्या, आता डोकं चालत नाही, सकाळी कानात वायर नसली की बरं वाटतं, पोळी करपत नाही. मग कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला.

माझी मंडळी वाढते आहे. लोक म्हणतात, नवे पास्टर शिकलेले आहेत, वचन उलगडून सांगतात. त्या दासीच्या उताऱ्यावर दोनदा बोलावणं आलं, एकदा हदगावला, एकदा देगलूरला. दोन्ही वेळा मी दुसराच उतारा घेतला.