माझ्या प्रबंधातला चुलता

एम.ए. होणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मी शपथेवर सांगतो. लग्नाला दोन्हीकडची माणसं राजी असली की भागतं. एम.ए.ला श्रेयांक लागतात, तेही चार सत्रांत वाटून. पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. अंतर्गत गुण लागतात, त्यासाठी सेमिनार लागतो, सेमिनारला प्रोजेक्टर लागतो, आणि प्रोजेक्टर चालू व्हायला आमच्या सांगलीच्या कॉलेजात शिपाईमामांची मर्जी लागायची. हजेरी भरावी म्हणून मी एकदा अंगात एकशे चार ताप घेऊन वर्गात बसलो होतो. शेजारच्या पोरांनी माझ्या कपाळावर पापड भाजून खाल्ले. दोन जरा कच्चे राहिले, पण त्यात माझी चूक नव्हती, पंखा चालू होता.

तर हे सगळं मी पार केलं आणि शेवटी उरला लघुप्रबंध. तो लिहायचा, तो चोरीचा नाही असं संगणकाकडून वदवून घ्यायचं, मग बाहेरगावाहून येणाऱ्या परीक्षकांपुढं बसून तोंडी परीक्षा द्यायची. आणि हे सगळं कॉलेजं उघडायच्या आत, कारण वाईच्या एका कॉलेजात तासिकेवर समाजशास्त्र शिकवायची जागा मला मिळत होती. तिथल्या प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की पहिल्या दिवशी एम.ए. पास झाल्याचा कागद हातात असेल तर या, नसेल तर यायची तसदी घेऊ नका.

विषय मला मार्गदर्शक मॅडमनीच दिला. आटपाडी भागातल्या मेंढपाळांचं स्थलांतर आणि त्याची कारणं. त्या म्हणाल्या, तुझ्या तर घरातच आहे हे. खरंच होतं. आमचं घर आटपाडीजवळ, आणि माझे चुलते, म्हणजे नाना, अजूनही दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, ते पाऊसकाळाच्या तोंडावर परत. मी वसतिगृहाच्या कॉटवर पडल्या पडल्या त्यांना फोन लावला. ते तेव्हा कुंडलच्या शिवारात होते. अर्ध्या तासात नानांनी वीस प्रश्नांची उत्तरं बातम्या वाचल्यासारखी दिली. "पावसाचे प्रमाण कमी व चाऱ्याचा अभाव असल्याने आम्ही नाइलाजाने स्थलांतर करतो." ज्या माणसानं जन्मात कधी 'अभाव' हा शब्द काढला नाही, त्याच्या तोंडून तो असा सरळ निघाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण आडव्या अवस्थेत प्रबंध मिळत असताना कुणाला संशय येतो? मी सगळं उतरवून घेतलं, अवतरणचिन्हं टाकायचाही कंटाळा केला, आणि मॅडमना दिलं.

संगणकानं सांगितलं, बासष्ट टक्के चोरी.

मॅडमनी मला समोर बसवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, कुणाचा उचललास. मी नाही नाही म्हणत होतो, तेवढ्यात त्यांनी पडदा माझ्याकडं फिरवला. त्यावर नुसती रंगपंचमी. लाल रंग साताऱ्याच्या एका मुलीच्या प्रबंधाचा, हिरवा आमच्याच कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थ्याचा, पिवळा आणि जांभळा आणखी दोघांचा. चारही प्रबंधांत 'आटपाडी परिसरातील एक वयोवृद्ध मेंढपाळ' बोलत होता, आणि चौघांशीही तो तीच वाक्यं बोलत होता. तेच 'प्रमाण', तोच 'अभाव'. एका ठिकाणी तर कंसात 'खोकतात' असं लिहिलं होतं, आणि माझ्याही प्रबंधात नाना नेमके तिथंच खोकले होते.

मॅडमनी पंधरा दिवस दिले. नव्यानं जा, नव्यानं लिही, दहा टक्क्यांच्या आत आण. नाहीतर पुढच्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कुंडल गाठलं. ऊस तुटून गेलेल्या एका रानात नाना काठीला टेकून उभे होते. मी पाया पडायच्या आधीच विचारलं.

"आवं नाना, किती पोरांस्नी सांगितलंय ह्ये?"

"मोजलं न्हाई गड्या. येत्यात बिचारी. च्या पिऊन जात्यात."

"आन् समद्यास्नी त्येच?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सगळ्यात आधी साताऱ्याची ती मुलगी आली होती. तिच्याकडं छापील प्रश्न, आणि एकेका प्रश्नाला चार-चार पर्याय. नानांना त्यातलं अक्षर कळेना. मग त्यांनी पर्याय ऐकायचं सोडून दिलं आणि मुलीची मान बघायला सुरुवात केली.

"ज्याला तिची मान हालायची त्याला मी व्हय म्हनायचो. नाइलाज म्हनली तवा लय जोरात हालली. म्हनलं, आसंल बाबा. शिकल्याली पोरगी हाय."

मुलगी इतकी खूश होऊन गेली की नानांनी ती उत्तरं तिच्याच शब्दांत पाठ करून ठेवली. पुढं जो येईल त्याला तीच द्यायची. कुणाची तक्रार नव्हती.

"आन् खोकला?"

"त्यो खरा हुता," नाना म्हणाले.

मग खरं कारण काय, असं विचारल्यावर मात्र ते मेंढरं वळवायला निघाले. म्हणाले, चार दिवस राहा, मग बघू.

मी दहा दिवस राहिलो. इतका चाललो की तिसऱ्या दिवशी माझे बूट मला सोडून सावलीत जाऊन बसले, आणि दोनशे मेंढरं मला तोंडावरून ओळखू यायला लागली. मेंढरांचं माझ्याबद्दल तेवढं चांगलं मत झालं नाही. पण डोळे उघडे ठेवून मी जे बघितलं त्यात नाइलाज कुठं दिसेना. सकाळी उजाडायला एक बागायतदार मोटारसायकलवर चहाची किटली बांधून हजर. त्याला उसाच्या लागणीच्या आधी आपल्या रानात मेंढरं बसवून हवी होती, कारण लेंडीखताची सर पोत्यातल्या खताला नाही. "पाव्हणं, आदी आमच्या रानात बसवा," म्हणून तो हात जोडत होता. तो जायच्या आत दुसरा जिलेबीचा पुडा घेऊन आला. दोघांची जुंपली. नाना दगडावर बसून, काठी गुडघ्यावर आडवी ठेवून, उच्च न्यायालयानंही घेतला नसता इतका वेळ घेऊन निकाल देत होते. तोवर जिलेबी मी संपवली, पुरावा म्हणून.

हेच नाना पाऊसकाळात घरी असतात तेव्हा त्यांना कोण विचारतं? झाडायचंय, बाज उचला, एवढंच. टीव्हीचा रिमोट नातवंडांकडं, मोबाइलचा चार्जर सुनेकडं. आणि आता तर आमच्याकडं कॅनॉलचं पाणी आलंय. घरामागं डाळिंबाची बाग आहे, बांधावर गुडघाभर गवत आहे. मेंढरांना गावाबाहेर न्यायचं काही कारणच उरलेलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी, बाभळीखाली भाकरी खाताना, नाना आपणहून बोलले.

"हौस हाय, दुसरं काय न्हाई. घरी पानी हाय, चारा हाय. पर घरी मी कोन? हितं सा म्हैनं मी पाव्हना आस्तोय." मग माझं मनगट धरलं. "ल्ही. पर तुज्या चुलतीला कळाय नगं. तीस वर्सं झाली, घरला गेलो की लय हाल झालं म्हनून पाय चेपून घेतोय तिच्याकडनं."

मी वचन दिलं. प्रबंधात नानांचं नाव 'निवेदक क्रमांक एक' असं ठेवलं. संगणकानं या वेळी चार टक्के सांगितले, आणि ते चारही मुखपृष्ठावरच्या कॉलेजच्या नावाचे होते.

तोंडी परीक्षेला नानांना घेऊनच ये, असं मॅडम म्हणाल्या होत्या. नाना मेंढरं थोरल्या मुलाच्या हवाली करून, धुतलेला पटका बांधून सांगलीला आले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. परीक्षक साताऱ्याहून आलेले, मानेला रुंद पट्टा बांधलेले गृहस्थ होते. मणके सरकले होते म्हणे. त्यांनी माझा प्रबंध चाळला आणि विचारलं, आधीचे सगळे अभ्यासक नाइलाज म्हणतात, तुम्ही एकटे हौस म्हणता, आधार काय? आता आली का पंचाईत. चौघांशी जुळलं म्हणून मी चोर होतो, आणि कुणाशीच जुळत नाही म्हणून आता थापाड्या ठरत होतो.

मॅडम म्हणाल्या, आधार बाहेर बसलाय.

नाना आत आले, नमस्कार करून खुर्चीच्या कडेवर टेकले. परीक्षकांनी प्रश्न नेमका पर्याय देऊन विचारला.

"स्थलांतर तुम्ही नाइलाजानं करता, की स्वखुशीनं?"

नानांनी नजर उचलून परीक्षकांच्या मानेवर ठेवली होती. जुनी सवय. ती मान नाइलाजाच्या बाजूला जरा जरी हलली असती, तरी माझं वर्ष आणि वाईची जागा तिथंच बुडाली असती. पण मान पट्ट्यात होती. ती भूकंपानंसुद्धा हलली नसती. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला. नानांनी मॅडमकडं बघितलं, त्या खाली मान घालून लिहीत होत्या. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या नाकावर त्या क्षणी एक माशी बसलेली होती, आणि ती तिथं सहकुटुंब राहायला आली तरी मी हलणार नव्हतो.

नानांनी एक लांब श्वास सोडला.

"सायेब, तुमची मान काय हालंना. मंजी आता खरंच सांगाय लागंल."

मग ते पाऊण तास बोलले. किटली आली, जिलेबी आली, घरची बाज आली. परीक्षक हसायला लागले की त्यांची मान दुखायची, म्हणून ते मधूनमधून नानांना थांबायची विनंती करत होते. शेवटी पेन उघडून ते म्हणाले, काम चांगलं आहे. मी सही होताना बघायला पुढं वाकलो, तर त्यांनी पेन पुन्हा बंद केलं. म्हणाले, पण ही एकच बाजू झाली. माणूस सहा महिने घराबाहेर असतो, तेव्हा घरातलं माणूस काय म्हणतं? यांच्या पत्नीचं निवेदन कुठाय? आठ दिवसांत एक पान जोडा, मग सही.

बाहेर आल्यावर नानांनी माझी बाही जी धरली ती एसटी स्टँडपर्यंत सोडली नाही.

आटपाडीला गेलो तेव्हा चुलती माळवदावर कुरडया वाळत घालत होती. गुपित फुटणार नाही असा प्रश्न मी रस्ताभर घासून घासून तयार केला होता. नाना सहा महिने नसतात, काकी, तेव्हा तुला कसं वाटतं? विरहाच्या दोन ओळी मी मनातल्या मनात लिहूनही टाकल्या होत्या.

तिनं आधी जिन्याकडं बघून घेतलं.

"माजं नाव येतंय का त्येच्यात?"

"न्हाई."

"तुज्या चुलत्याला दावनार हैस?"

"न्हाई."

"मग ल्ही. त्यो निगाला की मी दारात डोळं पुसती. कोपऱ्यावरनं वळला की आत येती आन् पंखा लावून पडती. सा म्हैनं माजं घर माजं आस्तंय. हौस हाय त्याला, मला काय कळत न्हाई व्हय? पर हाल म्हनतोय तर हाल. पाय चेपायला काय जातंय. दिवाळी काय लांब आस्ती?"

मी एक अक्षरही न बदलता लिहिलं. 'निवेदक क्रमांक दोन'. ते घेऊन साताऱ्याला गेलो. परीक्षकांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं, मान दुखेस्तोवर हसले आणि सही केली. वाईचं कॉलेज उघडायला दोन दिवस होते तेव्हा पास झाल्याचा कागद माझ्या हातात पडला. हे सगळं मी आता छापायला देतोय ते एवढ्याच धाडसावर, की आमच्या घरात छापील मजकूर कुणी वाचत नाही.

कागद मिळाला त्याच संध्याकाळी कुंडलहून नानांचा फोन आला. पास झालो म्हणून आनंद झालाच त्यांना, पण विचारायचं दुसरंच होतं. चुलती काय म्हणाली? मी सांगितलं की संशोधनाच्या नियमाप्रमाणं एका निवेदकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही.

"एवडंच सांग. रडली का?"

आता यात मी खोटं बोलायला तयार नव्हतो.

"डोळं पुसती म्हनली दारात," मी म्हणालो.

पलीकडं नानांनी ओरडणाऱ्या मेंढरांना आधी दटावलं. मग नाना हळूच म्हणाले, "बिचारी. तिला सांग, फुडल्या सालापास्नं म्हैनाभर आदीच येत जाईन म्हनावं."

हा निरोप मी चुलतीला अजून दिलेला नाही.